कात्रजचा घाट आणि माउंटन बाइकची नवी चाकं: हलकी घ्यायची की दणकट?

रविवारी पहाटे कात्रज चौकात दहा मिनिटं उभं राहिलात, तर पुण्याचं 'सायकलींचं शहर' हे जुनं बिरुद अजून अगदीच मोडीत निघालेलं नाही, असं वाटायला लागतं. धनकवडी, बिबवेवाडी, सिंहगड रोड, कोंढवा असे चहूबाजूंनी सायकलवाले येतात, प्राणिसंग्रहालय आणि तलाव मागे टाकतात आणि जुन्या घाटाला लागतात. बोगद्यापाशी पोचलं की पाण्याच्या बाटल्या निघतात, फोटो होतात आणि मग गप्पा सुरू होतात. या गप्पांमध्ये एक प्रश्न हमखास असतो. "चाकं बदलू का रे? मूळची फार जड आहेत."

प्रश्न साधा आहे, पण उत्तर चुकलं तर महागात पडतं. चांगली चाकं म्हणजे बऱ्याचदा एका साध्या सायकलीची किंमत. शिवाय घाट उतरताना ताशी ४० च्या वेगात तुमचा सगळा जीव दोन मिलिमीटर जाडीच्या तारांवर असतो. म्हणून मंडळी, पैसे काढण्याआधी हा विषय जरा नीट बघू.

आधी एक भ्रम दूर करू

'चाकातला एक ग्रॅम म्हणजे फ्रेममधले दोन ग्रॅम' हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. ते अर्धंच खरं आहे. चाक पुढेही जातं आणि स्वतःभोवती फिरतंही. त्यामुळे वेग वाढवताना रिम आणि टायरवरच्या वजनाला दुप्पट ताकद लागते. वजन चाकाच्या मध्याकडे, म्हणजे हबमध्ये असेल तर हा परिणाम जवळपास नाहीसा होतो. हबमध्ये १०० ग्रॅम वाचवले काय आणि सीटच्या दांड्यात वाचवले काय, पायाला दोन्ही सारखंच.

पण एकसारख्या वेगाने घाट चढताना ही दुप्पट-बिप्पट भानगड नसते. तिथे फक्त गुरुत्वाकर्षणाशी गाठ असते आणि त्याला वजन कुठे आहे याच्याशी देणंघेणं नाही. हिशोब करून बघा. तुम्ही, सायकल, पाणी, पंप असं सगळं मिळून ९० किलो. चाकांमध्ये अर्धा किलो वाचवला. म्हणजे अर्ध्या टक्क्याच्या थोडं वर. जुना घाट चढायला तुम्हाला २० मिनिटं लागत असतील, तर वाचतील साधारण ७ सेकंद. बोगद्याजवळच्या फोटोसाठी केस नीट करायला याहून जास्त वेळ लागतो.

मग हलकी चाकं घ्यायचीच कशाला? फायदा आहे, पण तो वेगळ्या जागी आहे. डांबरी रस्ता सोडून मुरमाच्या, दगडगोट्यांच्या वाटेवर गेलात की वेग एकसारखा कधीच राहत नाही. दर दहा फुटांवर थांबायचं, जोर मारायचा, दगडावरून पुढचं चाक उचलायचं, वळवायचं. तिथे हलकं चाक लगेच दाद देतं. तासभर असं चालवल्यावर दमणूक कमी झाल्याचं जाणवतं. फक्त डांबरावरून बोगद्यापर्यंत जाऊन परत येणाऱ्यांनी चाकांवर पैसे घालवण्याआधी दोनदा विचार करावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

आपली जमीन काय मागते?

परदेशातल्या व्हिडिओंमध्ये पाइनच्या जंगलातल्या मऊ, ओलसर मातीच्या वाटा दिसतात. आपला सह्याद्री बेसाल्टचा. कात्रजच्या डोंगरात पायवाटांवर एकतर कडक कातळ असतो, नाहीतर त्याच कातळाचा झिजून झालेला मुरूम. दगडाच्या कडा धारदार असतात. उन्हाळ्यात मुरूम चाकाखालून गोट्यांसारखा निसटतो आणि पावसाळ्यात सखल भागातली काळी माती टायरला अशी चिकटते की चाक फ्रेममध्ये फिरेनासं होतं. वर बाभळीचे आणि बोरीचे काटे, सराटे आहेतच. (कात्रज ते सिंहगड ही प्रसिद्ध डोंगरधार मात्र पायी जाण्याचीच आहे. तिथे सायकल तुम्हाला नेणार नाही, तुम्ही सायकलला न्याल. आणि डोंगरातली बरीच जमीन वनखात्याची असते, तेव्हा वाट खुली आहे का ते विचारूनच जा.)

या सगळ्याचा अर्थ असा की इथे चाकाला तीन शत्रू आहेत: टोकदार दगडाचा फटका, काटे आणि चिखल-पाणी. वजन हा चौथ्या क्रमांकाचा प्रश्न. जाहिरातीत मात्र तोच पहिला असतो.

अमेरिकेतले सायकल बनवणारे कीथ बॉन्ट्रेगर यांच्या नावावर एक वाक्य सांगतात. त्याचा आशय असा, की मजबूत, हलकं आणि स्वस्त यांपैकी कोणतीही दोन निवडा. चाकांच्या बाबतीत हे अगदी तंतोतंत लागू पडतं.

चाक उभं कशावर असतं?

सायकलीचं चाक बैलगाडीच्या चाकासारखं आऱ्यांवर उभं नसतं. बैलगाडीचा खालचा लाकडी आरा वजन पेलतो. सायकलीची तार इतकी बारीक असते की तिच्यावर उभं वजन टाकलं तर ती सरळ वाकेल. म्हणून सगळ्या तारा आधीच जोरात ताणून ठेवलेल्या असतात. चांगल्या चाकात एकेका तारेवर १०० ते १२० किलोइतका ताण असतो. तुम्ही बसलात की जमिनीजवळच्या तारांचा ताण थोडा कमी होतो, चाक फिरलं की पुन्हा वाढतो. प्रत्येक फेरीत प्रत्येक तारेचं हे ढिलं-घट्ट चालू असतं.

तारा हबपासून सरळ न नेता तिरक्या, एकमेकींना छेदत नेण्याची पद्धत इंग्लंडच्या जेम्स स्टार्ले यांनी १८७४ मध्ये पेटंट केली. पॅडलचा आणि डिस्क ब्रेकचा जोर हबमधून रिमपर्यंत पोचवायला हा तिरकेपणाच कामी येतो. दीडशे वर्षांत यात मूलभूत फरक पडलेला नाही.

तार तुटते ती बहुतेक वेळा एका मोठ्या दणक्याने नाही, तर हजारो फेऱ्यांच्या या ढिल्या-घट्ट होण्याने. पातळ तार मागे-पुढे वाकवत राहिलं की एका क्षणी तुटते ना, तसंच. म्हणून ढिल्या तारांचं चाक ताणलेल्या तारांच्या चाकापेक्षा लवकर मरतं. सायकलवाला 'आउट काढतो' तेव्हा चाक नुसतं सरळ दिसणं पुरेसं नसतं, ताणही सगळीकडे सारखा लागतो. शेजारशेजारच्या दोन-दोन तारा चिमटीत दाबून बघा. मागच्या चाकात डाव्या-उजव्या बाजूचा ताण मुळातच वेगळा असतो, पण एकाच बाजूच्या तारांमध्ये एखादी लुळी लागली तर समजा काम अर्धवट झालंय.

मी हे पुस्तकातून शिकलो नाही. वजन ८६ किलो असताना मोहापायी २४ तारांची, वापरलेली, फार हलकी चाकं घेतली होती. घाट उतरताना मागून 'टिंग' असा आवाज आला आणि पुढच्याच वळणावर दुसरा. दोन तारा गेल्यावर चाक इतकं आउट झालं की टायर फ्रेमला घासायला लागलं. उरलेला घाट पायी उतरलो. विकणाऱ्याने वजन सांगितलं होतं, किती वजनाच्या माणसासाठी आहे ते मी विचारलं नव्हतं.

तर मग काय बघायचं?

तारांची संख्या. ७० किलोच्या वरच्या माणसाने आपल्याकडच्या वाटांसाठी मागे ३२ आणि पुढे २८ किंवा ३२ तारा घ्याव्यात. ३२ पैकी एक तुटली तर चाक जरासं हलतं, हळूहळू घरी येता येतं. २४ पैकी एक तुटली की माझ्यासारखी वरात निघते.

तारेची जात. साध्या तारा टोकापासून टोकापर्यंत २ मिलिमीटर जाड असतात. 'बटेड' तारा टोकांना २ आणि मधे १.८ मिलिमीटर असतात. बारीक आहेत म्हणून कमजोर, असं वाटेल, पण उलट आहे. मधला बारीक भाग रबरासारखा किंचित ताणतो, धक्का आजूबाजूच्या तारांत वाटला जातो आणि हबपाशी जिथे तार वाकलेली असते, त्या नाजूक कोपऱ्यावरचा ताण कमी होतो. शिवाय २९ इंची जोडीमागे ६० ग्रॅमच्या आसपास वाचतात. हलकं आणि टिकाऊ दोन्ही एकत्र मिळण्याची ही दुर्मिळ जागा आहे, फक्त स्वस्त नाही.

तार वाकड्या डोक्याची घ्या, सरळ डोक्याची नको. सरळ डोक्याच्या तारांची चाकं देखणी असतात, पण नेमक्या त्या लांबीची तार ऐनवेळी मिळत नाही. वाकड्या डोक्याची तार पुण्यात कुठल्याही बऱ्या दुकानात मिळून जाईल, लांबीही कापून मिळते.

निपल पितळेच्याच घ्या. ॲल्युमिनियमच्या निपलांनी जोडीमागे ४० ग्रॅम वाचतात खरे, पण दोन-तीन पावसाळे खाल्ल्यावर त्या गंजून तारेला अशा धरतात की आउट काढायला पाना लावला तर गोलच होतात. चाळीस ग्रॅम म्हणजे दोन-तीन घोट पाणी. तेवढं बाटलीतून कमी करा.

आता रिम. आजच्या सव्वादोन ते २.४ इंची टायरना आतून २५ ते ३० मिलिमीटर रुंद रिम बसते. जुन्या सायकलींच्या रिम आतून १९-२१ मिलिमीटर असायच्या. त्यावर रुंद टायर चढवला की तो बल्बसारखा फुगतो आणि हवा कमी केली की वळणावर डुलतो. २९ इंची ॲल्युमिनियम रिमचं वजन ४००-४५० ग्रॅम असेल तर ती शर्यतीची, ५०० च्या आसपास असेल तर धक्के खाणारी. कात्रजच्या दगडांसाठी मी दुसरी घेईन.

कार्बनबद्दल विचारणारे बरेच असतात. कार्बनची चाकं दीड किलोच्या खालीही येतात, ताठ असतात आणि आउट क्वचितच होतात. पण धारदार दगडाचा फटका बसला तर ॲल्युमिनियमला पोचा पडतो, कार्बनला तडा जातो. पोचा पाना लावून बराचसा सरळ करता येतो, घरी पोचण्यापुरता तर नक्कीच. तडा गेलेली रिम फेकूनच द्यावी लागते. कंपनी फटक्याने तुटलेली रिमही बदलून देत असेल आणि ते भारतात खरोखर होत असेल, तरच कार्बनचा विचार करा. ही अट लेखी दिसली पाहिजे, दुकानदाराच्या तोंडून नव्हे.

आणखी एक गोष्ट फार कमी लोक बघतात. डीटी स्विससारख्या कंपन्या चाकावर एएसटीएम वर्गीकरणाचा आकडा आणि कमाल वजन देतात. वर्ग ३ म्हणजे खडबडीत वाटा आणि साधारण ६१ सेंटिमीटरपर्यंतच्या उड्या, वर्ग ४ म्हणजे १२२ सेंटिमीटरपर्यंत. कमाल वजनात माणूस, सायकल, पाठीवरची पिशवी सगळं धरलेलं असतं. फक्त स्वतःचं वजन त्याच्याशी ताडून खूश होऊ नका.

बसेल का, हा खरा प्रश्न

ऑनलाइन मागवलेली चाकं परत पाठवायची वेळ येते ती वजनामुळे नाही, मापामुळे. इथे घाई अजिबात करू नका.

सगळ्यात आधी व्यास. टायरच्या बाजूवर बारीक अक्षरात एक मिलिमीटरचं माप असतं: ५५९ म्हणजे २६ इंची, ५८४ म्हणजे २७.५ इंची, ६२२ म्हणजे २९ इंची. हाच आकडा खरा धरा. २६ इंची जुनी सायकल असेल तर नव्या चाकांवर मोठा खर्च करू नका, असं मी सांगेन. चांगल्या रिम आणि टायरची निवड त्या मापात झपाट्याने कमी होत चालली आहे.

मग हबची रुंदी. जुन्या आणि स्वस्त सायकलींना पुढे १०० आणि मागे १३५ मिलिमीटर रुंदी आणि बारीक क्विक रिलीज दांडी असते. त्यानंतर मागे १४२ मिलिमीटर रुंदीत १२ मिलिमीटरची जाड आरपार दांडी आली, पुढे १०० मिलिमीटरमध्ये १५ ची. हल्लीच्या 'बूस्ट' सायकलींत पुढे ११० आणि मागे १४८. १३५ आणि १४२ साठी बऱ्याच हबच्या टोप्या बदलून मिळतात. १४८ चं चाक मात्र १४२ च्या फ्रेममध्ये कोंबता येत नाही, कितीही ओळखीचा मेकॅनिक असला तरी.

डिस्कची तबकडी दोन प्रकारे बसते: सहा स्क्रूंनी किंवा शिमानोच्या सेंटरलॉक पद्धतीने. सेंटरलॉक हबवर अडॅप्टर लावून सहा स्क्रूंची तबकडी बसते, उलट होत नाही.

आणि शेवटी गिअरची दातेरी चक्रं. इथेच बहुतेकांची फसगत होते. आपल्याकडच्या २१ गिअरच्या सायकलींना मागे बहुधा आट्यांवर फिरवून बसवायचं सात चक्रांचं फ्रीव्हील असतं. चांगल्या चाकांना ते बसत नाही, त्यांच्या हबला खाचांचं फ्रीहब असतं आणि त्यावर कॅसेट सरकवावी लागते. म्हणजे कॅसेटचा खर्च वेगळा. चांगली बातमी अशी की सात चक्रांची कॅसेट ८-९-१० स्पीडच्या फ्रीहबवर ४.५ मिलिमीटरची रिंग टाकून बसते आणि गिअरचा जुना खटका तसाच चालतो.

हा बदल करण्यासारखा आहे, त्याचं कारण वजन नाही. आट्यांच्या फ्रीव्हीलमध्ये उजवीकडचे छर्रे हबच्या आत बरेच डावीकडे असतात, त्यामुळे दांडीचा मोठा तुकडा आधाराविना लटकतो. वजनदार माणूस दगडावरून उतरला की तीच दांडी वाकते किंवा तुटते. फ्रीहबमध्ये आधार पार उजव्या टोकाला सरकतो आणि हे दुखणं संपतं. वरच्या गिअर प्रणालींसाठी फ्रीहबही वेगळे आहेत. शिमानो डिओर १२ स्पीडला मायक्रो स्प्लाइन लागतं, स्रॅमच्या १० दातांच्या कॅसेटला एक्सडी लागतं, तर स्रॅमचीच एनएक्स ईगल मात्र जुन्या पद्धतीच्या फ्रीहबवर बसते.

हबमध्ये वाटी-कोन-छर्रे हवेत की बंद बेअरिंग? वाटी-कोन उत्तम चालतात, पण पावसाळ्यानंतर उघडून ग्रीस बदलावं लागतं. ते तुम्ही करणार नसाल (आणि बहुतेक जण करत नाहीत), तर बंद बेअरिंग घ्या. ती खराब झाली की ठोकून काढायची, त्याच क्रमांकाची नवी बसवायची. यातली बरीच बेअरिंग इतर यंत्रांतही वापरली जातात, त्यामुळे बेअरिंगच्या साध्या दुकानातही मिळू शकतात.

चाकांच्या आधी टायर

आता थोडं दुकानदारांच्या पोटावर पाय देणारं बोलतो. चाकं बदलण्याआधी टायर बदलून बघा. सायकलीबरोबर आलेले लोखंडी तारेच्या काठाचे टायर एकेक ८००-९०० ग्रॅमचे असू शकतात. घडी होणारे चांगले टायर त्याच मापात शे-दोनशे ग्रॅम हलके मिळतात. आणि हे वजन चाकाच्या अगदी काठावरचं, म्हणजे सगळ्यात जास्त जाणवणारं.

पुढची पायरी ट्यूबलेस. २९ इंची ट्यूब २०० ग्रॅमच्या वर जाते, तिच्या जागी ८०-१०० मिलिलिटर द्रव जातो. वजन वाचतं ते वाचतंच, पण बाभळीचा काटा घुसला तरी द्रव भोक बुजवून टाकतो. आपल्याकडे ही चैन नाही, गरज आहे. ट्यूब दगड आणि रिमच्या मधे चिमटून फुटायची भीती नसल्यामुळे हवाही कमी ठेवता येते. ७० किलोच्या माणसाला २.३ इंची टायरमध्ये पुढे २०-२२ आणि मागे २३-२५ पीएसआयपासून सुरुवात करता येईल. मुरमावर पकड कशी बदलते ते पहिल्याच वळणावर कळेल. पण हवा फार कमी केलीत तर दगड थेट रिमवर आदळेल, तेव्हा एकेक पीएसआयने खाली या.

ट्यूबलेसची दोन दुखणीही सांगायला हवीत. पुण्याच्या एप्रिल-मेच्या उन्हात आतला द्रव वाळून त्याचं रबर होतं, म्हणून दोन-तीन महिन्यांनी टायर कानाशी हलवून खळखळ ऐकू येते का बघा. दुसरं म्हणजे या रिमना बारीक प्रेस्टा व्हॉल्व्ह असतो. सातारा रस्त्यावरच्या पंक्चरवाल्याची हवा त्यात जात नाही. एक छोटंसं पितळी अडॅप्टर मिळतं, ते व्हॉल्व्हलाच लावून ठेवा. एक ट्यूबही जवळ असू द्या, कारण टायरची भिंतच दगडाने चिरली तर द्रवाचा उपयोग नाही.

टायर आणि ट्यूबलेस करूनही समाधान झालं नाही, तर मग चाकांकडे वळा. सायकलीबरोबर येणाऱ्या स्वस्त चाकांची जोडी टायरशिवाय अडीच किलोच्या आसपास जाते. चांगली, दणकट ॲल्युमिनियमची जोडी १.७ ते १.९ किलोत मिळते. याच टप्प्यात थांबावं, असं मला वाटतं. त्याच्या खालच्या प्रत्येक १०० ग्रॅमला पैसे जास्त पडतात आणि कात्रजच्या दगडांपुढे टिकाऊपणा कमी होत जातो.

तयार जोडीऐवजी हब, रिम आणि तारा वेगवेगळ्या घेऊन कारागिराकडून चाक विणून घेणं हा पर्याय पुण्यात अजून जिवंत आहे. मशिनवर बनलेल्या स्वस्त चाकापेक्षा चांगल्या हाताने विणलेलं चाक जास्त टिकतं. वजनकाटा मात्र स्वतःचा न्या. प्रवासी बॅगा मोजायचा हातातला काटा पुरतो. वेबसाइटवरच्या वजनात ट्यूबलेसची पट्टी आणि व्हॉल्व्ह बऱ्याचदा धरलेले नसतात.

नवं चाक बसवलं की पहिले शंभर किलोमीटर झाल्यावर ते पुन्हा कारागिराकडे न्या. नव्या तारा या काळात आपापल्या जागी बसतात आणि ताण थोडा उतरतो. तो तेव्हाच सारखा केला तर पुढे वर्षभर पाना लावायची वेळ सहसा येत नाही. आणि जुनी जड चाकं लगेच विकू नका. त्यावर गुळगुळीत टायर चढवा. रोजच्या स्वारगेट-कात्रज फेऱ्यांना ती चालतात आणि नवी चाकं रविवारसाठी शिल्लक राहतात.